नगरपालिकेच्या बागेत आपली दीपमाळ

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही डॅलसजवळच्या एका गावात राहतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाचं हे रौप्यमहोत्सवी वर्ष. त्यानिमित्त गावाच्या मोठ्या बागेला काळ्या दगडाची सहा फुटी दीपमाळ भेट द्यायची असं कार्यकारिणीत ठरलं. कारागीर ठरला, वर्गणीही जमली. नगरपालिकेनं मात्र ‘धार्मिक स्वरूपाची वास्तू स्वीकारता येत नाही’ असं दोन ओळींचं पत्र पाठवून विषय संपवला. त्याच बागेत बायबलमधल्या दहा आज्ञा कोरलेली ग्रॅनाइटची शिळा उभी आहे. ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स’ या संघटनेनं ती भेट दिल्याचं तिच्यावरच लिहिलंय. त्यांची शिळा चालते, मग आमची दीपमाळ का नाही? काही सभासद म्हणतात, दीपमाळ ही संस्कृती आहे, धर्म नाही, असं लिहून पुन्हा अर्ज करू. एकानं सुचवलं की बागेतला तेवढा तुकडाच विकत घेऊ. कोर्टात गेलो तर जिंकू का?
— मंडळाचा चिटणीस, टेक्सस

उत्तर : बहुतेक हराल. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुमची तक्रार खरी आहे.

तुमच्यासारखाच खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होऊन गेलाय. युटा राज्यात प्लेझंट ग्रोव्ह नावाचं गाव आहे. तिथल्या पायोनियर पार्कमध्ये ईगल्सनी १९७१ मध्ये दिलेली दहा आज्ञांची शिळा आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या ‘सम्मम’ या छोट्या पंथानं गावाकडे अर्ज केला : आमचीही सात सूत्रं आहेत, ती कोरलेली तेवढीच मोठी शिळा आम्ही देतो. गावानं नाही म्हटलं. सम्मम कोर्टात गेला. त्यांचा मुद्दा तुमचाच होता. बाग सार्वजनिक, तिथे एकाला बोलू दिलंत तर दुसऱ्याला अडवता येणार नाही. २००९ मध्ये निकाल लागला तो गावाच्या बाजूनं, आणि एकाही न्यायमूर्तीनं निकालाविरुद्ध मत दिलं नाही.

न्यायमूर्ती अलिटो यांनी दिलेलं कारण नीट समजून घ्या, तुमच्या पत्राचं उत्तर त्यातच आहे. बागेत कोणी भाषण केलं, पत्रकं वाटली, तर ते त्या माणसाचं बोलणं. पण सरकारनं आपल्या जमिनीवर कायमचं स्मारक उभं करू दिलं की ते सरकारचं स्वतःचं बोलणं होतं. दगडाचे पैसे कोणी दिले, खाली कोणाचं नाव आहे, यानं फरक पडत नाही. आणि स्वतः काय बोलायचं ते सरकार निवडू शकतं. नाहीतर, अलिटो लिहितात, फ्रान्सकडून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घेतला म्हणून उद्या जर्मन साम्राज्यानं किंवा रशियाच्या झारनं एकाधिकारशाहीचा पुतळा पाठवला असता, तर त्याचाही विचार करणं भाग पडलं असतं.

म्हणजे तुमच्या बागेतल्या त्या शिळेतून ईगल्स बोलत नाहीत. तुमचं गाव बोलतंय. ‘मी परमेश्वर तुझा देव आहे, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत, कोरीव मूर्ती करू नको’ हे तुम्ही ज्या गावाला घरपट्टी भरता ते गाव तुम्हाला सांगतंय. मग गावानं असं बोलावं का? अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती सांगते की सरकारनं कोणताही धर्म प्रस्थापित करू नये. सम्ममनं आपला खटला या मुद्द्यावर लढवला नव्हता. तो आधीच लढला गेला होता, तुमच्याच राज्यात, ऑस्टिनमधल्या अशाच एका शिळेवरून.

ऑस्टिनला माझी मुलगी असते. तिच्याकडे गेले असताना मी मुद्दाम ती शिळा पाहून आले. पुण्याच्या लॉ कॉलेजात घटना शिकवत असताना या खटल्यावर वर्गात किती बोलले असेन, प्रत्यक्ष जागा पाहिली नव्हती. विधानभवनाच्या मागे, ते आणि राज्याचं सर्वोच्च न्यायालय यांच्या मधल्या हिरवळीवर ती आहे. सहा फूट उंच. वर झेंडा पकडलेला गरुड, त्रिकोणातला डोळा, खाली ज्यूंचे दोन तारे आणि ख्रिस्ताची ग्रीक अक्षरं. टेक्ससच्या जनतेला आणि तरुणांना ईगल्सची भेट, १९६१. आमदार, वकील, न्यायाधीश रोज जातात-येतात अशी ही जागा. मी तिथे उभी असताना शाळेची सहल आली होती. मुलं शिळेपाशी ओळीनं उभी राहून फोटो काढत होती. त्यांच्यात दोन-तीन मुलं आपल्याकडची दिसत होती.

या शिळेविरुद्ध थॉमस व्हॅन ऑर्डेन नावाच्या माणसानं २००१ मध्ये दावा लावला. ते मूळचे वकील, पण दिवस फिरले होते. राहायला घर नव्हतं, तंबूत झोपायचे. त्या न्यायालयाच्या इमारतीतल्या कायद्याच्या ग्रंथालयात ते रोज जायचे आणि जाता-येता ही शिळा समोर यायची. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वतीनं प्राध्यापक अर्विन चेमरिन्स्की उभे राहिले. राज्याच्या वतीनं उभे होते त्या वेळचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रेग अ‍ॅबट. हेच पुढे तुमचे गव्हर्नर झाले. २७ जून २००५ ला निकाल आला : ५ विरुद्ध ४, शिळा राहील.

त्याच दिवशी, त्याच न्यायालयानं केंटकीतल्या मॅक्रीरी काउंटीच्या न्यायालयात लावलेल्या दहा आज्ञांच्या चौकटी ५ विरुद्ध ४ नंच घटनाबाह्य ठरवल्या. दोन्हीकडे पारडं फिरवलं ते न्यायमूर्ती ब्रायर यांनी. केंटकीतल्या चौकटी १९९९ मध्ये लागल्या आणि लगेच वाद पेटला. टेक्ससची शिळा २२ एकरांत, सतरा स्मारकांपैकी एक म्हणून उभी होती. आणि ब्रायर यांना सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हे की, चाळीस वर्षं तिच्याविरुद्ध कोणी कोर्टात आलं नव्हतं. त्यावरून लोकांना ती धर्मप्रचार वाटत नसावी, असं त्यांनी मानलं.

इथे मी ब्रायर यांच्याशी सहमत नाही. वर्गात नव्हते, आजही नाही. चाळीस वर्षं तक्रार आली नाही म्हणजे कोणाला खुपलं नाही, असा अर्थ काढायला तक्रार करणं सोपं असावं लागतं. न्यायमूर्ती सूटर यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात नेमकं हेच लिहिलंय. धर्माच्या बाबतीत राज्यावर दावा लावणाऱ्याच्या खिशात काही पडत नाही, जातं मात्र बरंच, आणि समाजानं वाळीत टाकण्याची भीती माणसाला गप्प बसवते. टेक्ससमध्येच सांता फे या गावी शाळेच्या फुटबॉल सामन्यांपूर्वी माइकवरून होणाऱ्या प्रार्थनेविरुद्ध दोन कुटुंबांनी दावा लावला होता. एक मॉर्मन, एक कॅथलिक. म्हणजे दोन्ही ख्रिस्तालाच मानणारी. तरी त्रास होऊ नये म्हणून कोर्टाला त्यांची नावं गुप्त ठेवू द्यावी लागली. २००० मध्ये ते जिंकले, निनावीच. आता सांगा, १९६१ मध्ये ऑस्टिनमध्ये नुकतं आलेलं एखादं हिंदू कुटुंब दावा लावायला गेलं असतं का? तुमच्याच मंडळातल्या जुन्या लोकांना विचारा, ती शिळा पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना काय वाटलं, आणि ते कोणाजवळ बोलले का.

आणखी एक गोष्ट तुमच्या सभासदांना कळायलाच हवी. मॅक्रीरीच्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांचं विरोधी मत आहे. सरकारनं जाहीरपणे देवाचं नाव घेतलं तर अनेक देव मानणारे, जगाच्या कारभारात लक्ष न घालणारा देव मानणारे आणि देवच न मानणारे यांच्याकडे दुर्लक्ष होतं, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं इतकंच की घटना तशा दुर्लक्षाला परवानगी देते. हे अल्पमत होतं. पण ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आहे आणि ‘अनेक देव मानणारे’ म्हणजे आपणच.

आता तुमच्या ‘संस्कृती, धर्म नव्हे’ या युक्तीबद्दल. मला ती अजिबात पटत नाही. टेक्ससनं दहा आज्ञांबद्दल हेच सांगितलं : या कायद्याच्या इतिहासाचा भाग आहेत. मेरीलँडमध्ये ब्लेडन्सबर्गला चाळीस फुटी क्रूस आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४९ स्थानिक सैनिकांचं ते स्मारक, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेनं १९२५ मध्ये पुरं केलेलं. १९६१ मध्ये ती जागा सरकारी संस्थेकडे आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी तो राहू दिला. काळाच्या ओघात त्याला धर्मापलीकडचेही अर्थ चिकटले, असं म्हणून. त्या खटल्यात बाप्टिस्टांच्या एका जुन्या संघटनेनं क्रूसाच्या विरुद्ध बाजूनं निवेदन दिलं होतं. आमच्या श्रद्धेची सर्वात पवित्र खूण तुम्ही निधर्मी ठरवताय, हे आम्हाला मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्या बाप्टिस्टांच्या बाजूची आहे. दीपमाळ धार्मिक नाही हे सिद्ध करायचं म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर लागणारे दिवे ही नुसती रोषणाई आहे, असं तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंच्या दीपमाळांना हात लावून जाणारी आपली आजी आठवा. तिच्यासमोर हे बोलाल का? बागेतल्या जागेसाठी एवढी किंमत देऊ नका.

समान वागणूक मागितली तर काय होतं याचं उदाहरण शेजारच्या ओक्लाहोमात आहे. तिथल्या विधानभवनाच्या आवारात २०१२ मध्ये दहा आज्ञांची नवी शिळा आली, खासगी देणगीतून. लगेच इतरांचे अर्ज सुरू झाले. सैतानाच्या नावाच्या एका संघटनेला बकऱ्याच्या डोक्याचा पुतळा बसवायचा होता. आणि नेवाडातल्या एका हिंदू संस्थेला हनुमानाची मूर्ती. समितीनं सगळेच अर्ज थांबवले. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी शिळा हटवायला सांगितलं. आधार होता राज्याच्या स्वतःच्या घटनेचा : सार्वजनिक पैसा वा मालमत्ता कोणत्याही पंथाच्या फायद्यासाठी वापरायची नाही. पुढच्या वर्षी ते कलमच काढून टाकायचा प्रस्ताव मतदानाला आला, तो लोकांनी नाकारला. म्हणून सांगते, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एक आणि राज्याच्या घटनेचा निकाल दुसरा असू शकतो. वकिलाकडे जाल तेव्हा टेक्ससच्या घटनेवरही प्रश्न विचारा.

तुकडा विकत घेण्याची कल्पना अगदीच हवेतली नाही. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात कॅमेरॉन पार्कमध्ये अशीच ईगल्सची शिळा आहे. १९६५ च्या मिसिसिपीच्या पुरात राबलेल्या तरुणांच्या नावानं दिलेली. वाद झाला तेव्हा गावानं शिळेखालचा छोटासा तुकडा ईगल्सनाच विकला. भोवती कुंपण आलं, जागा खासगी असल्याची पाटी आली. २००५ मध्ये अपील न्यायालयानं ती विक्री योग्य ठरवली. पण तिथे गावाला विकायचं होतं, आणि ईगल्सचं स्वतःचं कार्यालय समोरच्याच बाजूला होतं. तुमच्या गावानं विकायला नकार दिला तर तुमच्या हातात काही राहत नाही.

मग करायचं काय? कायमच्या दगडाचा नाद सोडा आणि तुमचा हक्क जिथे पक्का आहे तिथे उभे राहा. बाग जर सगळ्यांच्या कार्यक्रमांना मिळत असेल, तर कार्यक्रम धार्मिक आहे म्हणून तुम्हाला नाकारता येत नाही. १९९५ मध्ये ओहायोच्या विधानभवनासमोरच्या चौकात सर्वोच्च न्यायालयानं कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेलासुद्धा तात्पुरता क्रूस उभारू दिला, कारण तो चौक सगळ्यांना खुला होता. इतक्या विषारी टोळीला जो हक्क मिळाला तो तुम्हाला मिळणार नाही असं कसं होईल? रीतसर परवाना काढा आणि त्रिपुरी पौर्णिमेला बागेत लाकडी दीपमाळ उभी करा, दिवे लावा, आरती म्हणा, रात्री उतरवून घरी न्या. कुणापुढेही ती ‘सांस्कृतिक’ आहे असं म्हणावं लागणार नाही. दगडी दीपमाळ मंडळाच्या स्वतःच्या जागेत किंवा जवळच्या मंदिराच्या अंगणात बसवा.

आणि त्या शिळेबद्दल गावाच्या सभेत बोला. सार्वजनिक बोलण्याची वेळ ठेवलेली असते, त्यात तीन-चार मिनिटं मिळतात. ‘आमचंही लावा’ असं म्हणू नका. ‘ही शिळा आमच्या गावाच्या नावानं आम्हाला काय सांगते’ एवढंच सांगा. तुमच्या बोलण्याची नोंद इतिवृत्तात होईल. चाळीस वर्षं कोणी बोललं नाही, असं पुन्हा कोणाला लिहिता येणार नाही.

प्रश्न : हे ईगल्स म्हणजे चर्चची शाखा आहे का? माझा भाचा म्हणतो की या सगळ्या शिळा एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी बसवल्या होत्या. खरं आहे का?
— निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

उत्तर : चर्चची शाखा नाही. १८९८ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये नाटकगृहांच्या मालकांनी काढलेली ही बंधुसंघटना. सभासदांना आजारपणात मदत, क्लब, दानधर्म असं काम. वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांनी जोर लावला होता.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं. मूळ कल्पना मिनेसोटातले न्यायाधीश ई. जे. रूगेमर यांची. बालगुन्हेगारांच्या न्यायालयात त्यांच्यासमोर असा मुलगा आला की ज्यानं दहा आज्ञांचं नावही ऐकलं नव्हतं. मुलांना निदान नियम तरी माहीत असावेत, म्हणून चौकटीत लावलेल्या छापील प्रती वाटाव्यात, असं त्यांनी ईगल्सना सुचवलं. हेतू स्वच्छ होता, याबद्दल मला शंका नाही. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, ईगल्सनी आधी नकार दिला होता. हे सक्तीचं किंवा एका पंथाचं वाटेल अशी भीती त्यांना होती. मग ज्यू, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रतिनिधींनी बसून सगळ्यांना चालेल असा मजकूर तयार केला. या तिघांची आज्ञांची विभागणी वेगवेगळी असते, म्हणून ते लागलंच. त्या खोलीत तिघेच होते आणि त्यांच्या दृष्टीनं ‘सगळे’ म्हणजे ते तिघेच. पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो असं मला वाटतं.

सिनेमा आला त्यानंतर. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल तेव्हा याच विषयावरचा भव्य चित्रपट करत होते, तो १९५६ मध्ये लागला. त्यांनी रूगेमरना फोन करून काशाचे पत्रे लावायचं सुचवलं. रूगेमर म्हणाले, बायबलमधल्या मोशेला देवाकडून मिळाल्या त्या दगडाच्या पाट्या होत्या, आपणही ग्रॅनाइट घेऊ. मिलवॉकीत १९५५ च्या अनावरणाला या चित्रपटातले नट यूल ब्रिनर आले, तर नॉर्थ डकोटात कॅनडाच्या सीमेवर त्यातलेच चार्लटन हेस्टन. पण चित्रपट उतरल्यावरही शिळा बसतच राहिल्या. टेक्ससची १९६१ ची, प्लेझंट ग्रोव्हची १९७१ ची. ती जाहिरात कशी असेल?

प्रश्न : आमच्या कॉलनीसमोर महापालिकेच्या मोकळ्या जागेत एका मंडळानं चबुतरा बांधून छोटं मंदिर उभारलंय. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटीही लावली. विचारलं तर म्हणतात, लोकवर्गणीतून झालंय, महापालिकेचा एक रुपया नाही. मग हरकत कशी घेणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पैसा कोणाचा हा प्रश्नच इथे येत नाही, जमीन कोणाची एवढंच पाहायचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २००९ च्या अंतरिम आदेशात स्पष्ट सांगितलंय की सार्वजनिक रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा या नावाखाली विनापरवाना बांधकाम होऊ द्यायचं नाही. आदेश सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. आधीच झालेल्या बांधकामांचा राज्यांनी एकेक करून निर्णय घ्यायचा होता. २०१८ मध्ये ही देखरेख उच्च न्यायालयांकडे सोपवली गेली. देणगीदारांच्या पाटीनं मालकी मिळत नाही, परवानाही मिळत नाही.

भांडायला जाऊ नका, शेजारी आहेत. आधी कागद मिळवा. माहिती अधिकाराचा अर्ज महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या आणि तीनच गोष्टी मागा : विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, बांधकामाला परवानगी दिली असल्यास तिची प्रत, आणि त्या जागेबाबत सभेत ठराव झाला असल्यास त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. अर्जाची पोचपावती जपून ठेवा आणि बांधकाम २००९ च्या आधीचं की नंतरचं हे ठरवणारा एखादा जुना फोटो मिळाला तर तोही. उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.